नळाचं पाणी आणि गिदोनरावांची नात

"बोलू की नको? एवढंच सांगा, बाबा."

शांतवनबाबा अंगणात पेरू कापत बसले होते. उभी हयात त्यांनी याच गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून काढली होती. आता त्यांच्या जागी अमोस पाचारणे आला होता. सेमिनरीतून, पाळकांच्या विद्यालयातून, ताजा बाहेर पडलेला, जिभेला धार, आणि आपल्यासारखा रविवारचा संदेश पंचक्रोशीत कुणी देत नाही याची पक्की खात्री.

बाबांनी पेरूची फोड पुढे केली. अमोसने ती घेतली, पण खाल्ली नाही.

गावात नळाची नवी लाइन आली होती. वरच्या आळीत पाणी खळाळत होतं. खालच्या आळीच्या तोंडाशी येऊन मात्र पाइप थांबला होता, कारण त्या आळीने निवडणुकीत गिदोनराव भिंगारदिव्यांना मतं दिली नव्हती. गिदोनराव गावचे सरपंच, आणि चर्चमध्येही पहिल्या बाकावर तेच.

चर्चची पंचमंडळी अमोसला बजावत होती, चर्चमध्ये राजकारण आणाल तर मंडळी फुटेल. खालची आळी म्हणत होती, तुम्ही गप्प बसलात तर आम्ही चर्चची पायरी चढणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पहिल्याच वर्षी आपल्या हातून मंडळी मोडणार, या धास्तीने बिचाऱ्याची झोप उडाली होती.

"लिहिलंयस काही?"

"अक्षरन् अक्षर."

"म्हण बघू."

अमोस उभा राहिला. बायबलमधल्या एका लोभी राजाच्या उताऱ्यापासून सुरुवात करून तो असा तापला, की कुंपणावरची कोंबडी फडफडत पळाली. शेवटी त्याने बोट उगारलं, थेट पेरूच्या झाडावर. तो माणूस आज इथेच, आपल्यामध्ये बसला आहे, असं तो गरजला.

बाबा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

अमोसचे कान लाल झाले. "यात खोटं काय आहे, बाबा?"

"एक शब्दही नाही..."

"मग?"

बाबांनी उलट विचारलं, उद्या उपासनेत आणखी काय आहे. बाप्तिस्मा आहे, अमोस म्हणाला, गिदोनरावांच्याच नातीचा. पण तो त्याने शेवटी ठेवला होता. लोक एकदा बाळाच्या कौतुकाला लागले, की संदेश कोण ऐकतो?

बाबांचा चेहरा खुलला.

"बाप्तिस्मा आधी घे. मग पोर परत देऊ नकोस. तिला धरूनच बोल."

"संदेश?"

"सगळा. भ्यायचं नाही, काही गाळायचं नाही."

साठी बुद्धी नाठी, अमोस मनात म्हणाला. पण बाबांचा शब्द मोडायची त्याची छाती होईना.

रविवारी चर्च गच्च भरलं. वरची आळी डावीकडे, खालची उजवीकडे, मधली वाट मोकळी. गिदोनरावांच्या नातीच्या, नाओमीच्या डोक्यावर पाणी पडलं तशी तिने भोकाड पसरलं, आणि मग आपसूक गप्प झाली. आईने हात पुढे केले. अमोसने पोर दिली नाही. आई गोंधळली, पण जागेवर जाऊन बसली.

अमोस बोलू लागला आणि लगेच पंचाईत झाली. पोर गुटगुटीत, चळवळी, दोन हात कमी पडतील अशी. कागद उलटायचा कसा? राजा बिचारा पहिल्या पानावरच राहिला. आवाज चढवला की पोर दचके, म्हणून तो हळू बोलू लागला. मंडळी ऐकायला पुढे वाकली.

"या लेकराला आत्ता आपण सगळ्यांनी आपलं म्हटलं. खालच्या आळीतल्या लेकरांनाही इथेच आपलं म्हटलं होतं. त्यांच्या दारात पाणी नाही. मतांच्या रागापायी पाइप अडवलाय. हे पाप आहे..."



गिदोनराव उठले. टोपी डोक्यावर चढवली, दाराकडे वळले... आणि थांबले. नात पाळकाच्या हातात होती.

तेवढ्यात नाओमीने अमोसचा चष्मा ओढला आणि तोंडात घातला.

उजवीकडे कुणीतरी फिसकन हसलं. मग डावीकडे. मग सगळं चर्चच हसायला लागलं. गिदोनराव हसले नाहीत, पण खाली बसले.

चष्म्याविना अमोसला समोर नुसती माणसं दिसत होती, आळ्या दिसत नव्हत्या. त्याने संदेश तसाच पुरा केला. पहिल्या बाकावरच्या त्या माणसाचा राग अजून होता, पण आता त्याच्याविषयी मायाही वाटत होती, आणि त्याचं अमोसला फार नवल वाटलं.

दाराशी गिदोनरावांनी नात ताब्यात घेतली.

"पोरगी तुमच्याकडं व्हती म्हणून बसलो," ते गुरगुरले. "दुपारी जेवाया या. तुमच्याशी भांडायचंय. अन् खालच्या आळीतले दोघंचौघं संगं आणा. पाइप कुठवर न्यायचा ते त्यांनीच दाखवावं."

संध्याकाळी अमोस बाबांकडे गेला तो जवळजवळ पळतच. जेवणही झालं होतं, भांडणही झालं होतं, आणि उद्या खोदायला सुरुवात होणार होती. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

"कळलं, बाबा. चर्चमध्ये राजकारण बोलायचंच. पुढच्या रविवारी साखर कारखान्याचं प्रकरण घेतो. त्यातही गिदोनराव आहेतच."

बाबांनी पेरू कापायला घेतला.

"फक्त एक अडचण आहे. पुढच्या रविवारी कुणाचाच बाप्तिस्मा नाही. हातात घ्यायला मूल कुठून आणू?"

बाबांनी त्याच्याकडे मोठ्या प्रेमाने पाहिलं.

"मग गिदोनरावाला घे."