अप्पांचं ताट

“मग भूक लागते कुठं? पोटात नाही?” भानगिरबुवांनी विचारलं.

“मेंदूत,” डॉक्टर वैजयंती सरंजामे म्हणाल्या. “पोट नुसता निरोप धाडतं.”

पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. मेंदूतल्या पेशींवर बारीक कुलपं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. एक किल्ली फिरवली की भरल्या पोटाचा उंदीरही खायला धावतो. दुसरी फिरवली की उपाशी उंदीर दाण्यांकडं पाठ करतो. हे त्यांनी बुवांना नीट समजावून सांगितलं, जरा तोऱ्यातच. बुवांनी कौतुकानं ऐकलं. असल्या गोष्टी त्यांना मनापासून आवडायच्या.

“म्हणजे भूक तुझ्या मुठीत आली म्हण की.”

वैजयंतीबाईंचा तोरा उतरला.

मुठीत आली असती तर बुवांच्या या ओढ्याकाठच्या मठात त्या कशाला येत्या? आई गेल्यापासून त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, जेवण जवळजवळ टाकलं होतं. तपासण्या झाल्या, औषधं झाली, दोष कुठंच सापडेना. सोमवारी नाकातून नळी घालायचं ठरलं होतं. अप्पा तरुणपणी या मठात यायचे, म्हणून ही शेवटची धडपड.

“माझेच वडील, बुवा... आणि मलाच जमेना.” त्यांचे डोळे भरून आले.

बुवांनी भलतंच विचारलं.

“तुझे उंदीर जेवतात कसे?”

“एकेकटे. प्रत्येकाचा पिंजरा वेगळा. एकत्र ठेवले तर कुणी किती खाल्लं ते कळत नाही.”

“आणि अप्पा?”

“त्यांच्या खोलीत. ताट अगदी वेळेवर जातं. मी मोजून वाढते, उरलेलं परत वजन करते, म्हणजे...”

वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

“तू कधी जेवतेस?”

“नंतर... ओट्यापाशी. उभ्या उभ्या.”

तेवढ्यात घंटा झाली आणि पंगत बसली. आलेल्या माणसानं उपाशी परतायचं नाही, हा या मठाचा नेम. बुवा तर पाहुण्यांना आग्रह करकरून बेजार करायचे. वैजयंतीबाईंपुढं भाकरी आली, वाफाळती आमटी आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्या वासानं त्यांना कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

बुवा आपल्या जागेवरून उठले. दुखरे गुडघे सांभाळत त्यांच्यापाशी आले, आणि पुढ्यातलं वाढलेलं ताट त्यांनी हळूच उचलून घेतलं.

पंगतीतले हात थांबले. वाढपी भाकऱ्यांची टोपली घेऊन नुसताच उभा राहिला. बुवांनी कुणाचं ताट काढून घेतल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“बुवा... मला भूक लागलीय हो,” वैजयंतीबाई म्हणाल्या. आवाज लहान मुलीचा झाला होता.

बुवांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

“मला नको सांगूस, पोरी. अप्पांना जाऊन सांग.”