ठिपकीची धूळ

एक होतं कोंबडीचं पिल्लू. त्याचं नाव ठिपकी.

ठिपकी रोज शाळेच्या मैदानावर जाई. तिथे मुलं धावत. धूळ उडे. ठिपकी धुळीत न्हाई. फुर्र फुर्र! पिसांतले किडे पळत. खाज जाई.

एकदा काय झालं, धूळच गेली. मैदानभर गवत वाढलं. ताठ, काटेरी. अंगणात फरशी. वाटेवर डांबर. धूळ कुठेच नाही.

ठिपकीला खाज सुटली. खर्र खर्र! एक पीस गळलं. ठिपकी रडली.

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी मैदानाकडे गेली.

"मैदाना, मैदाना, धूळ दे ना."

"मुलं धावली तर देईन. नाही तर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी वर्गात गेली. मुलं पाढे लिहीत होती.

"मुलांनो, मुलांनो, धावा ना. मैदान धूळ देईना. ठिपकी न्हाणार कशी?"

"खेळाची घंटा झाली तर धावू. नाही तर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी घंटेकडे गेली.

"घंटे, घंटे, वाज ना. मुलं धावेनात. मैदान धूळ देईना. ठिपकी न्हाणार कशी?"

"शिपाईमामांनी टोल दिला तर वाजेन. नाही तर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, ठिपकी शिपाईमामांकडे गेली.

"मामा, मामा, टोल द्या ना. घंटा वाजेना. मुलं धावेनात. मैदान धूळ देईना. ठिपकी न्हाणार कशी?"

"बाईंनी सांगितलं तर देईन. नाही तर नाही."

तुरु... तुरु... ठिपकी बाईंकडे गेली. अजून दोन पिसं गळली.

"बाई, बाई, मामांना सांगा ना. मामा टोल देईनात. घंटा वाजेना. मुलं धावेनात. मैदान धूळ देईना. ठिपकी न्हाणार कशी?"

"खेळाचा तास गणिताला दिला, बाळा. मुलांच्या आयांनीच सांगितलं तसं. एक तरी आई आली तर परत देईन. नाही तर नाही."

मोठ्या माणसांचं हे असंच!

तुरु... तुरु... ठिपकी वर्गातल्या उर्मीच्या आईकडे गेली. आता तिला चालवेना.

"आई, आई, बाईंना सांगा ना. बाई तास देईनात. मामा टोल देईनात. घंटा वाजेना. मुलं धावेनात. मैदान धूळ देईना. ठिपकी न्हाणार कशी?"

"अगं, पण उर्मीचे पाढे..." आई म्हणाली.

तेवढ्यात उर्मी शाळेतून आली. तीन पायऱ्या चढली. मटकन खाली बसली. हाश हुश! हाश हुश! सात वर्षांची पोर, पण तिला धाप लागली.

आईनं उर्मीकडे पाहिलं. ठिपकीकडे पाहिलं. दोन्ही पिल्लंच. आईचे डोळे भरून आले.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली.

आईनं ठिपकीला ओंजळीत घेतलं. झपझप झपझप शाळेत गेली.

"बाई, मुलांना रोज तासभर पळू द्या."

सकाळी शाळा भरली. मग बाईंनी मामांना सांगितलं. मामांनी टोल दिला. टण टण टण! घंटा वाजली. मुलं धावली. धपाधप धपाधप!

उर्मी पहिल्या दिवशी मैदानातल्या लिंबाच्या झाडापर्यंत गेली. दमली. दुसऱ्या दिवशी थोडी पुढे गेली. मग एकदा थेट कुंपणापर्यंत गेली.

मुलं रोज धावली. रोज तासभर धावली. गवत दबलं. माती सुटली. मैदानानं धूळ दिली. मऊ मऊ, ऊन ऊन.

ठिपकी धुळीत शिरली. फुर्र फुर्र! किडे पळाले. खाज गेली.

ठिपकी मनसोक्त न्हाली,
गोष्ट आमची पुरी झाली.