पुडी कुणाच्या उंचीची?

खडकओहोळच्या शाळेसमोरच सरपंच रंगरावांची टपरी होती. तिथल्या तंबाखू-सुपारीच्या पुड्या खाऊन सातवीतल्या वैजूच्या थोरल्या भावाचं तोंड इतकं आखडलं, की भाकरीचा घासही आत जाईना.

ग्रामसभेत वैजूने टपरी हलवण्याची विनंती केली. रंगराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरी, पुड्या मोठ्या माणसांसाठी आहेत. त्या पोरांसाठी ठेवल्यात असं दाखवून दे, टपरी आजच हलवतो."

"चला, तिथंच दाखवते," वैजू म्हणाली.

सगळी सभा तिच्यामागोमाग टपरीपाशी आली. फळीखाली पुड्यांच्या माळा लोंबत होत्या.

"सरपंचकाका, एक पुडी तोडा ना."

रंगरावांनी कमरेत वाकून पुडी तोडली. वैजूने ताठ उभं राहून सहज दुसरी तोडली.

"काका, तुम्हाला वाकावं लागलं, मला नाही. मोठ्यांचा माल टांगताना माप कुणाचं घेतलं होतं?"

गावकऱ्यांत कुणी हसलं नाही. ज्याला त्याला आपापलं पोर आठवलं होतं. दिवस मावळायच्या आत रंगरावांनी स्वतःच टपरीचे पत्रे उतरवले.