गुलसुमच्या घराचा कापलेला कोपरा

नारबोलू या डोंगरातल्या गावात आलेला पाहुणा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वळणावर थांबतोच. गल्ल्या दगडी, चढ-उताराच्या, दोन्ही अंगांना उस्मानी काळातली घरं. खाली दगडी भिंत, वर लाकडी चौकटीची पांढरीशुभ्र माडी. आणि वळणावरच्या प्रत्येक घराचा खालचा कोपरा तिरका कापून काढलेला! दीड पुरुष उंचीपर्यंत कोपरा गायब, त्याच्या वर मात्र घर पुन्हा काटकोनात, ऐटीत उभं.

त्या दिवशी सांगलीहून आलेली मंडळीही अशीच थबकली. "या घराचा कोपरा खाल्ला कोणी?" एकाने विचारलं. सोबतच्या दुभाष्याने प्रश्न नाझमी आजोबांपुढे ठेवला. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. ही आख्यायिका त्यांनी हजारदा सांगितली असेल, पण प्रश्न ऐकताच त्यांचे डोळे असे चमकले, जणू उंट आत्ताच खालच्या उतारावरून वर येतो आहे. काठी फरशीवर आपटून त्यांनी सगळ्यांना मशिदीच्या भिंतीलगतच्या ओट्यावर बसवलं, समोरच्या घराकडे बोट केलं आणि सुरुवात केली. पहिला कोपरा कापला गेला तो याच घराचा.

असं सांगतात की नारबोलूच्या दोन पेठांचं, वरच्या पेठेचं आणि खालच्या पेठेचं, झऱ्याच्या पाण्यावरून वैर पडलं. साधंसुधं नव्हे, बावीस वर्षांचं. पेठांमध्ये मुलगी दिली नाही की केली नाही. एकाकडे मयत झालं तर दुसरा दार लावून घ्यायचा. दोन्ही पेठांना जोडणारी वाट एकच, ही. तिच्यावर गवत उगवलं.

त्याच काळात याकुब नावाच्या गवंड्याने इथे घर बांधायला काढलं. वाटेवरून कोणी जात नाही, मग अडचण कोणाची? त्याने भिंत थेट वाटेच्या काठापर्यंत आणली आणि तिचा कोपरा असा काही साधला की गावाने तोंडात बोट घातलं. ओळंब्यासारखा सरळ, सुरीसारखा धारदार. खरबूज आपटलं तर दोन फाकी होतील, असं लोक म्हणत. कोपऱ्याचा शेवटचा चिरा बसवला आणि त्याच हिवाळ्यात याकुब तापाने गेला. मागे राहिली त्याची बायको गुलसुम.

गुलसुम हानुम, म्हणजे गुलसुमबाई, जिभेने तिखट आणि कामाला वाघ होती. सुताचे पंचे विणून तिने माडी पुरी केली, खिडक्या बसवल्या. पण तिचा जीव होता त्या कोपऱ्यात. दर शुक्रवारी ती ओल्या फडक्याने तो पुसायची. एखाद्याची शेळी त्याला अंग घासताना दिसली तर शेळीआधी मालकाचा उद्धार व्हायचा. "हे घर आहे की वस्तरा?" असं बायका चिडवायच्या. ती म्हणायची, "वस्तराच आहे. माझ्या माणसाने धार लावलीय, हात लावाल तर कापेल." एकटी असली की ती त्या चिऱ्यांवर तळवा टेकून उभी राहायची. याकुबचा हात लागलेलं एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

तेविसाव्या वर्षी दोन्ही पेठांच्या म्हाताऱ्यांना शहाणपण सुचलं. खालच्या पेठेची नेसीबे वरच्या पेठेत द्यायची आणि वैर मिटवायचं ठरलं. अटी दोनच होत्या. नवरी सूर्य मावळण्याआधी नवऱ्याच्या दारी पोचावी, आणि काही झालं तरी वरात मागे फिरू नये. फिरली तर करार मोडला, पुन्हा जुनं ते सुरू.

आणि काय वरात निघाली म्हणता! पुढे ढोल, पुढे सनई, मागे खेचरांवर रुखवत, मधोमध शृंगारलेला उंट. उंटाच्या एका अंगाला नवरीचा लाल पडद्यांचा मेणा, दुसऱ्या अंगाला तोलासाठी बांधलेली अक्रोडाची भली मोठी पेटी. बावीस वर्षांनी त्या वाटेवर माणसं चालत होती. गुलसुमही खिडकीत बसली होती. नवरीवर उधळायला ओटीत हेझलनट घेऊन, लहान पोरीसारखी हरखून.

उंट वळणावर आला, वळला आणि अडकला. एका बाजूने पेटी मशिदीच्या भिंतीला टेकली, दुसऱ्या बाजूने मेण्याची चौकट गुलसुमच्या कोपऱ्यात रुतली. ढोल थांबला. कोणी लगाम ओढला, कोणी मागून ढकललं. उंट तो उंटच, जागच्या जागी मान वर करून उभा राहिला. पेटी सोडावी तर तोल जाऊन नवरी खाली येणार. नवरीला उतरवावं तर नवऱ्याच्या दाराआधी तिचा पाय जमिनीला लागायचा नाही, ही रीत. मशिदीच्या भिंतीला तर पहार कोण लावणार? उरली मागची वाट.

"मुद्दाम केलंत हे!" खालून कोणीतरी ओरडलं. "तुमचीच पेटी केवढी ती!" वरून उत्तर आलं. दोन्हीकडचे हात कमरेच्या खंजिरांकडे गेले. सूर्य डोंगराला टेकायला आला होता.

तेव्हा मेण्याचा पडदा सरकला, म्हणे. नेसीबेने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. "मावशी," ती हळूच म्हणाली, "मागे माझे तीन भाऊ आहेत आणि पुढे माझा नवरा. मी मागे गेले तर उद्या यातला कोण जिवंत असेल, सांगा."

गुलसुमने कोपऱ्याकडे पाहिलं. तिला कळून चुकलं. हा कोपरा इतका धारदार झाला तो याकुबच्या हाताच्या गुणाने खरा, पण इतका पुढे आला तो वैरामुळे. वाट जिवंत असती तर याकुबने भिंत इथे आणलीच नसती. दुसऱ्यांदा विधवा होत असल्यासारखं तिला वाटलं, असं नाझमी आजोबा सांगतात.

मग तिने हाक मारली, "दुर्सुन! तुझी पहार कुठे आहे?"

दुर्सुन हा याकुबच्या हाताखाली तयार झालेला गवंडी. तो गर्दीतून पुढे आला, पांढराफटक पडून. "हानुम, सगळी माडी त्या कोपऱ्यावर आहे. तो काढला तर वरचं खाली येईल."

"मग तेवढा वेळ भार दुसऱ्या कोणीतरी घ्यायचा. माझं दार उघडं आहे. खालच्या कोठीत या आणि तुळयांना खांदे लावा. दोन्ही पेठांनी."

"बरं, तुम्ही आधी खाली उतरा."

"मी उतरणार नाही," गुलसुम म्हणाली. "मी खाली आले तर तुम्ही नुसतं घर धराल. मी वर बसले तर माणूस धराल. माणूस धरला की हात सैल सोडता येत नाही."

मग नेसीबेचा थोरला भाऊ दारातून आत शिरला. त्याच्या पाठोपाठ नवऱ्याचा काका. मग रीघच लागली! खेचरांवरच्या पेट्या उतरवल्या, त्यांच्यावर माणसं चढली, खांदे तुळयांना भिडले. कोठी एवढीशी, माणसं सत्तेचाळीस. बावीस वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याचा घाम आता आपल्या मानेवर गळतो आहे!

दुर्सुनने बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला चिरा काढला. मग दुसरा. याकुबने ते असे घट्ट बसवले होते की एकेक चिरा दुर्सुनला रडवत होता. शेवटचा निघाला आणि घर करकरलं. वरून माती झडली. गुलसुमच्या ओटीतले हेझलनट सांडले, फळ्यांवरून गडगडत कोपऱ्याकडे निघाले. ती श्वास रोखून पाहत राहिली. ते अर्ध्या वाटेत मंदावले आणि थांबले. घर उभं होतं!

काहीजण म्हणतात, त्या क्षणी कोपऱ्याखाली देवदूताने हात दिला. नाझमी आजोबा मान उडवतात. "देवदूताचं मला ठाऊक नाही. सत्तेचाळीस माणसं मात्र होती."

उंटाला काय वाटलं कोण जाणे, तो आपणहून चालू लागला. ढोल असा घुमला की मशिदीवरची कबुतरं उडाली. गुलसुमने सांडलेले हेझलनट गोळा करून मूठमूठ उधळले, रडत, हसत, मोठमोठ्याने दुवा देत. सूर्याची कड अजून डोंगरावर होती तेव्हा नेसीबे नवऱ्याच्या दारी उतरली.

लग्नघरात जेवणं सुरू झाली आणि पाहतात तो अर्धे पाहुणे बेपत्ता! दुर्सुनचा तिरपा धिरा, म्हणजे टेकूचा खांब, बसेपर्यंत कोठीतल्यांना हलता येईना. बायकांनी तिथेच पुलाव नेला आणि एकेकाच्या तोंडात घास घातले. वैऱ्याला वैऱ्याकडून नाक खाजवून घ्यावं लागलं. त्या दिवसाचं हसू पुढे वर्षभर गावात पुरलं, असं म्हणतात.

सगळे गेल्यावर गुलसुम खाली उतरली. जिथे कोपरा होता तिथे तिने तळवा नेला. हाताला रिकामी हवा लागली. ती तिथेच बसून ओक्साबोक्शी रडली. कोणी तिला उगी केलं नाही, कारण तिचं काय गेलं ते सगळ्यांना कळत होतं. मग ती उठली, ओढणीने नाक पुसलं आणि दुर्सुनला म्हणाली, "कापलंयस ते तरी सरळ काप. याकुबचं घर आहे."

नाझमी आजोबा थांबले. दुभाषाही थांबला.

आजही नारबोलूत घर नवं झालं, मग ते सिमेंटचं का असेना, की वास्तूच्या दिवशी घरधनीण माडीवर खिडकीत बसते. गवंडी खालच्या कोपऱ्याचा एक तुकडा सर्वांदेखत फोडतो. आणि तेवढा वेळ खाली उभं राहून छताला खांदे लावायला बोलावतात ते मित्रांना नव्हे. ज्यांच्याशी बोलणं नाही, नेमकं त्यांना. यायचं नाही म्हणता येत नाही.

"तुमच्या घराच्या वेळी कोण आलं होतं?" मंडळींतल्या एका बाईंनी विचारलं.

आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझा भाऊ," ते म्हणाले. "अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. सगळ्यांच्या आधी आला. लोखंडी सळ्यांचं छत, त्याला कशाला लागतोय खांदा? पण माझी बायको वर बसली होती ना. बाकीचे हसत होते. हा मात्र डोळे मिटून, दात आवळून, खरोखर भार असल्यासारखा उभा राहिला."