लागू पडलेले औषध

एकदा एक शिष्य असा होता, की त्याच्या औषधाला अपयश म्हणून येतच नसे. शहरात औषधशास्त्र शिकून, तिशी उलटल्यावर, तो नदीकाठच्या एका वृद्ध बागायतदाराकडे शिकायला येऊन राहिला होता. या वृद्धाला सारा गाव आप्पा म्हणे. आप्पांच्या बागेची रीत निराळी होती. गाईच्या शिंगात शेण भरून ते आश्विनात पुरायचे, चैत्रात उकरून काढायचे आणि त्यातले मूठभर शिंगखत बादलीभर पाण्यात तासभर घुसळायचे. कधी उजवीकडून भोवरा, कधी डावीकडून. मग ते पाणी कडुलिंबाच्या डहाळीने बागेवर शिंपडायचे. लावणी करायची ती चंद्र पाहून. झाड मलूल दिसले तर होमिओपॅथीचे दोन थेंब पाण्यातून द्यायचे. शिष्याने हे सारे इतक्या भक्तीने उचलले, की घुसळताना त्याचे डोळे आपोआप मिटत. आप्पा त्याला चिडवीत, "अरे, डोळे उघडे ठेव. बादलीत देव प्रकटायचा नाही." शिष्य हसे आणि पुन्हा डोळे मिटे.

पुढे आप्पांची थोरली बहीण अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला आणि ते तिच्या गावी गेले. बाग शिष्यावर सोपवली होती, गाव नव्हे. पण गुरू दूर गेला की शिष्याचे हात शिवशिवू लागतात.

पलीकडच्या पाणंदीला चंद्राक्काचा पानमळा होता. नवरा अंथरुणाला खिळलेला. रोज पाने खुडायची, डालग्यात भरायची, बाजारला न्यायची. त्यावर दोन जिवांचे चालत असे. ती एका सकाळी दारात आली.

"आप्पा न्हाईत व्हय? मळ्याच्या कोपऱ्यातल्या पाच-सा येली मान टाकाय लागल्यात, दादा. उपटून जाळू का?"

शिष्य तिच्याबरोबर गेला, वेली पाहिल्या आणि म्हणाला, "उपटू नका, आक्का. मुळं हलवली तर औषधाला वाव राहत नाही. माझ्यावर सोपवा."

आक्काने सोपवले. शिकलेला माणूस, त्यात आप्पांच्या हाताखालचा. तिने तरी संशय कशाला घ्यावा?

पानमळ्यात कोणी वहाणा घालून शिरत नाही. शिष्यही रोज तिन्हीसांजेला अनवाणी जाई. औषध आधी आजाऱ्याला मिळावे म्हणून तो रोगट कोपऱ्यापासून आरंभ करी. तिथल्या चिखलात घोटाभर उभा राहून थेंब देई, शिंगखताचे पाणी शिंपडी आणि त्याच पायांनी एकेक वाफा ओलांडत मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचे. एकही वेल वंचित राहता कामा नये, असा त्याचा कटाक्ष होता.

थोड्याच दिवसांत आक्का घाबरी होऊन म्हणाली, "दादा, शेजारच्या वाफ्यातबी आलं की वं!"

शिष्याचा चेहरा उजळला. "औषध लागू पडतंय, आक्का. या शास्त्रात रोग आधी उसळी मारतो, मगच उतरतो."

यात तो खोटे बोलत नव्हता, आणि मला राग येतो तो याचाच. लबाडाला निदान आपली लबाडी ठाऊक असते, त्यामुळे तो कुठेतरी अडखळतो. या प्रामाणिक गृहस्थाला अडवणार कोण? तिसरा वाफा पिवळा पडला तेव्हा त्याने उसळी मोठी आहे म्हटले. थेंब आणखी पातळ केले, कारण जितके पातळ तितके प्रबळ, असे तो वाचून होता. आक्का रात्रंदिवस देवाचे नाव घेत होती आणि डालगे दर बाजाराला हलके होत होते.

बहिणीचे दिवसकार्य आटोपून आप्पा परतले. वाटेतच त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. घरी न येता ते थेट पानमळ्याच्या कडेला गेले. मळा संपला होता. वेलींचे बुंधे काळे पडून कुजले होते, नाकाला वास सहन होत नव्हता, आणि आक्का बांधावर बसून होती. आप्पा तिच्याशेजारी बसले.

संध्याकाळी शिष्य मळ्यातून परतला तो उत्साहात. "आप्पा, आता पालवी फुटेल बघा. आणि शेजारच्या मगदुमांनीही त्यांच्या पानमळ्यात बोलावलंय. उद्यापासून तिकडे आरंभ करतो."

आप्पा म्हणाले, "अमावास्या होऊ दे. चंद्र बरा नाही."

चंद्राचे नाव निघताच शिष्याने मान डोलावली. मग आप्पांनी त्याला अंगणातल्या दगडावर बसवले, पितळी परात आणली आणि खाली बसून त्याचे चिखलाने भरलेले पाय आपल्या हातांनी धुतले. बोटांच्या बेचक्यांतला चिखलसुद्धा काढला. शिष्य संकोचाने अर्धा झाला. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत! आपली सेवा रुजू झाली, असे त्याला वाटले. आप्पांनी परात उचलली आणि ते पाणी दारच्या शेवग्यावर चढलेल्या नागवेलीच्या मुळाशी ओतले. ती वेल त्यांच्या दिवंगत पत्नीने लावली होती. जेवण झाले की आप्पा तिचेच पान खात.

अमावास्या आली तोवर त्या वेलीने मान टाकली होती. शिष्य धावत आला. "आप्पा, वेल मलूल दिसते. थेंब देऊ?"

"दे."

त्याने दिले. दुसऱ्या दिवशी वेल आणखी खाली आली. शिष्य तिच्यासमोर उभा राहून म्हणू लागला, "लागू पड..." आणि पुढचे अक्षर त्याच्या तोंडातून निघेना. त्याने आपल्या पायांकडे पाहिले. मग आप्पांकडे.

"परातीत आक्काच्या कोपऱ्यातली माती होती," आप्पा म्हणाले. "हा रोग मातीतून पसरतो, पाण्यातून पसरतो. तू तो रोज वाफ्यावाफ्याला नेऊन पोचवलास. तोंडी सांगितलं असतं तर तू त्यालाही उसळीच म्हणाला असतास."

"मग शिंगखत, थेंब, चंद्र... सगळं खोटंच का?"

"मला ठाऊक नाही. जन्मभर घुसळतोय. घुसळताना तासभर बाग डोळ्यांसमोर राहते, त्याचा मला उपयोग झाला, एवढं शपथेवर सांगेन. त्यापलीकडचं सांगू शकत नाही. पण वेल कुजायला लागली की मी थेंब बाजूला ठेवतो आणि कुदळ घेतो. तुझं तसं नव्हतं. वेल सुधारली असती तर औषधाचा गुण, आणि मेली तरी औषधाचाच गुण. अशा औषधाला हरवणारं जगात काही नाही. मग हरायचं कुणी? आक्कानं."

शिष्य म्हणाला, "आक्काला कोण सांगणार?"

"माझे पाय मळ्यात गेले नव्हते," आप्पा म्हणाले आणि घरात गेले.

चंद्राक्का वाळल्या वेली ओढून मळ्याच्या मधोमध जाळत होती. शिष्य बांधाच्या बाहेरच थांबला आणि तिथूनच त्याने सारे सांगितले, पायांच्या चिखलासकट. ती ऐकत होती, काठीने वेली आगीत लोटत होती.

"आता या रानात लई वर्सं पान यायचं न्हाई," ती म्हणाली. "उद्यापासनं मगदुमांच्या मळ्यात पानं खुडाय जातीया. रोजानं."

"मी काय करू, आक्का? सांगाल ते करीन."

धुराने तिचे डोळे भरून आले होते. ते पदराने पुसून तिने त्याच्याकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"मगदुमांच्या मळ्यात पाऊल टाकू नगा, दादा," ती म्हणाली. "तेवढं करा."

शिष्याने मान खाली घातली. "टाकणार नाही," तो म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याने कोणाला कसलेही औषध सुचवले नाही.

दुसऱ्याला बरे करायला निघालेल्या माणसाने पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावे, की काय दिसले म्हणजे 'मी चुकलो' असे मी म्हणेन.