हुकलेल्या चाली

खूप खूप जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. किल्ल्यात गोड्या पाण्याचा झरा होता, पण गावासाठी किल्ल्याचं दार बंद असे. बायका डोंगराला वळसा घालून दूरच्या ओढ्यावरून पाणी आणत. किल्लेदाराला बुद्धिबळाचा भारी नाद. दर जत्रेला तो पट मांडून बसे आणि म्हणे, "मला हरवा, दार उघडतो." आजवर ते कुणालाच साधलं नव्हतं.

एका वर्षी म्हाळसा कासारीण पुढे झाली. हा खेळ तिला लहानपणी वडिलांनी शिकवला होता. बांगड्या विकून दमूनभागून आली, की विरंगुळा म्हणून ती खेळे, तेवढाच तिचा सराव. लोक हसले. ती मात्र पदर खोचून पटासमोर बसली.

डाव रंगला. बऱ्याच वेळानं म्हाळसानं एक प्यादं पुढे सरकवलं, तसा किल्लेदार मिशीत हसला.

"बाई, माझा वजीर तुमच्या उंटाच्या तोंडी होता. फुकट मिळत होता. दिसला नाही का?"

असं म्हणून त्यानं वजीर बाजूला काढून घेतला. 'कशी गं मी आंधळी!' हाच विचार म्हाळसाच्या डोक्यात घोळत राहिला. तेवढ्यात आणखी एक संधी चालून आली. घोड्याच्या एका उडीत राजाला शह बसला असता आणि हत्तीही मिळाला असता. पण तिचं मन अजून त्या वजिरापाशीच होतं. तीही चाल हुकली. गर्दीतून उसासे उठले. म्हाळसाचे डोळे भरून आले.

तिची सासू पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आली. म्हातारीला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काय शोधतेस गं एवढं?"

"हुकलेल्या चाली, आत्याबाई."

"त्या आहेत का आता या पटावर?"

"नाहीत."

"मग जे आहे ते बघ की!"

म्हाळसानं डोळे पुसले, ती घोटभर पाणी प्यायली आणि जणू आत्ताच येऊन बसल्यासारखी पटाकडे पाहू लागली. किल्लेदाराचा राजा शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात बसला होता. पुढे त्याचीच प्यादी वाट अडवून उभी होती आणि ती ओळ राखायला एकटा हत्ती होता.

तिनं आपला वजीर थेट त्या ओळीत नेऊन ठेवला.

"शह!"

"अगं, वजीर घालवलास!" कुणीतरी ओरडलं. किल्लेदारानं हत्तीनं वजीर मारला. त्यासरशी वजिरामागे उभा असलेला म्हाळसाचा हत्ती सरळ धावत आला आणि त्यानं तो हत्ती मारला.

"शह! आणि मात!"

राजाला सरकायला एकही घर नव्हतं. बाईच्या चुका मोजण्याच्या नादात किल्लेदाराचं स्वतःच्या राजाकडे लक्षच राहिलं नव्हतं. तो उठला, त्यानं हात जोडले आणि पहारेकऱ्यांना खणखणीत आवाजात हुकूम दिला, "दार उघडा! आजपासून ते मिटायचं नाही."

ढोल घुमले. घागरी घेऊन साऱ्या बायका किल्ल्यात शिरल्या, आणि झऱ्याची पहिली ओंजळ त्यांनी म्हाळसाला पाजली.

तात्पर्य: गेलेल्या संधीवरची नजर काढली, तरच समोर आलेली संधी दिसते.