फळ्याशेजारचं कपाट

“...फोन काढून घेतले, तरी मुलं माझ्याकडे बघत नाहीत. हे कसं काय, बुवा?”

डोमाजीबुवा उकडलेले शिंगाडे सोलत होते. हातातला सोलून झाला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

“कुठे बघतात?”

“कपाटाकडे.”

रविवारची सकाळ होती. मठ तळ्याच्या काठावर. ऊन वर आलं होतं, पण पाण्यावरचं धुकं जायला उठून पुन्हा बसलेल्या पाहुण्यासारखं रेंगाळत होतं.

विचारणारे लांजेवार सर. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि तरुणपणापासून बुवांचे शिष्य. शिष्य म्हणून ते फार नम्र होते. त्या नम्रतेची कोणीतरी दखल घ्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा असे.

शाळेत मोबाइलबंदी आणली ती त्यांनीच. ठराव एकमताने झाला. ज्यांचं मत वेगळं होतं, ते त्या वेळी फोनवर बोलायला बाहेर गेले होते. बंदीची सूचना पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यात आली.

“तालुक्यातली पहिली शाळा आपली,” सर म्हणाले.

“हं.”

“मुलं आली की आधी फोन जमा. दहावीच्या वर्गात फळ्याशेजारी कपाट आहे. पूर्वी त्यात वक्तृत्वाच्या ढाली असायच्या. त्या माळ्यावर टाकल्या.”

“काचेचं कपाट?”

“काचेचंच. आपला फोन जागेवर आहे हे दिसायला हवं ना. नाहीतर ठेवत नाहीत पोरं.”

“मग बघतात.”

“बघतात...” सर जरा थांबले. “आवाज बंद असतो, बुवा. पण मधेच एखादा आतल्या आत उजळतो. निळसर. मग विझतो. मग दुसरा. खोल पाण्यात मासा कूस बदलतो ना, तसं काहीतरी. मी वैनगंगेचा उगम सांगत असतो, आणि अख्खा वर्ग त्या कपाटाच्या तळाशी गेलेला असतो.”

इतकं सुंदर आपण वर्गात कधी बोलत नाही, हे सरांच्या लक्षात आलं नाही.

बुवांनी एक सोललेला शिंगाडा त्यांच्या हातावर ठेवला. सरांनी तो तसाच धरून ठेवला.

“सुकेशनी मेश्राम म्हणून एक मुलगी आहे. पूर्वी भांडायची माझ्याशी. नदीला माघारी यावंसं वाटलं तर तिने काय करायचं... असले प्रश्न. वैताग यायचा. परवा मीच तिला विचारलं, बाई, तुझा प्रश्न कुठे गेला? तर म्हणाली, तुम्ही सांगा सर, मी ऐकतेय. कपाटाकडे बघत.”

“ऐकत होती?”

“...कोण जाणे.”

तळ्यावरून एक वारा आला आणि काही न बोलता गेला.

“उन्हाळ्यात निवृत्त होतोय, बुवा.” सरांचा आवाज खाली आला होता. “पूर्वी मी खडू उचलला की वर्ग वर बघायचा. जायच्या आधी एकदा तरी बघावं त्यांनी. एकदा बघितलं तरी पुरे.”

बुवांनी टरफलं एका बाजूला सारली.

“उद्या लोखंडी कपाट येतंय. काच नाही, फट नाही. तुमचा आशीर्वाद घ्यायला आलो.”

“लोखंडी आलं की तुझ्याकडे बघतील?”

“दुसरं बघण्यासारखं काही उरणारच नाही.”

“म्हणजे तू उरशील.”

“बरोबर,” सर समाधानाने म्हणाले.

मठाची एक रीत होती. पायताणं खालच्या पायरीशी काढायची, आत येऊन बुवांसमोर बसायचं, दाराकडे पाठ करून. सर मात्र त्या दिवशी तिरपे बसले होते. दार दिसेल असे.

कारण पायरीशी होतं. जावयाने नागपूरहून आणलेली नवीन चामडी सॅंडल. मागच्या खेपेला कोणीतरी सरांच्या चपला घालून निघून गेलं होतं, आणि मोबदल्यात आपल्या ठेवून गेलं होतं. एका नंबरने लहान. त्या घालून सर घरी गेले, आणि वाटेत त्यांनी त्या अज्ञात भक्ताला क्षमा केली. क्षमा फार चावते, हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं.

“ऐक, मुरलीधर,” बुवा म्हणाले. “याच तळ्यावर एक म्हातारा ढीवर होता. मासे धरायचा. मासा जाळ्याकडे फिरकेनासा झाला, की तो...”

बाहेर मठाचं कुत्रं आलं. त्याने सॅंडलचा वास घेतला, तिच्याभोवती एक चक्कर मारली, डावीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

बुवा बोलायचे थांबले.

पलीकडच्या काठावर, धुक्यात, एक सारस ओरडला. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. मग पाणी तेवढं उरलं.

“अगदी खरं, बुवा,” सर म्हणाले.

बुवांनी त्यांच्या नजरेमागोमाग पायरीकडे पाहिलं.

“मनाला पटतं हे,” सर म्हणाले. डोळे दाराकडे.

बुवा उठले. आधी एक गुडघा, मग थोडा विचार, मग दुसरा. त्यांनी बसायचं घोंगडं गुंडाळलं, शिंगाड्यांची टोपली काखेत घेतली, आणि सरांच्या शेजारून दाराबाहेर गेले. खालच्या पायरीवर, सॅंडलच्या शेजारी, त्यांनी घोंगडं पसरलं आणि बसले. कुत्र्याने डोळे न उघडता जागा करून दिली.

सरांची नजर तिथेच होती. त्यामुळे बुवा त्यांना दिसले.

किती म्हातारे झाले होते बुवा... भुवयासुद्धा पांढऱ्या. धुकं त्यांच्या खांद्यापर्यंत आलं होतं. बोटं शिंगाड्यांनी काळी झालेली. आल्यापासून समोर बसलेला हा माणूस सरांना जणू कोणी आत्ता आणून ठेवल्यासारखा वाटला.

ते उठून बाहेर आले. शिंगाडा अजून हातातच होता.

“बुवा, इथे गारठा आहे. आत चला ना. तो ढीवर... त्याचं अर्धंच राहिलं.”

“आत कोण आहे?”

सरांनी वळून पाहिलं. सतरंजी होती. भिंत होती. बुवांच्या जागी थोडं ऊन येऊन बसलं होतं.

“कोणी नाही.”

बुवांनी पुढचा शिंगाडा सोलायला घेतला.

“मग मी आत बसून काय करू? तू तर आल्यापासून इथेच आहेस.”